एच-निर्देशांक

एच-निर्देशांक हा संशोधकाने प्रकाशित केलेले शोधनिबंध आणि त्या निबंधांना मिळालेली उद्धरणे यांवरून त्याच्या संशोधनाचा प्रभाव एकाच अंकात व्यक्त करणारा मापदंड आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. त्यामुळे त्याला हर्श निर्देशांक असेही म्हणतात. प्राध्यापकांच्या नेमणुका, बढत्या, संशोधन अनुदाने आणि संस्थांचे मूल्यांकन यांत या अंकाचा जगभर वापर होतो. गणना सोपी असल्यामुळे तो अल्पावधीत लोकप्रिय झाला. त्याच्यावर होणाऱ्या टीकेचे एक कारणही हेच आहे. हा अंक संशोधनाकडे किती जणांचे लक्ष गेले हे सांगतो. संशोधन किती महत्त्वाचे आहे, हा वेगळा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

एका शोधनिबंधाचा दुसऱ्या शोधनिबंधाच्या संदर्भसूचीत होणारा उल्लेख म्हणजे उद्धरण. प्राध्यापकवर्गात यासाठी 'सायटेशन' हाच शब्द रुळलेला आहे. उद्धरणे मोजण्याची कल्पना संशोधकाची पारख करण्यासाठी निघालेली नाही. ती ग्रंथपालांच्या अडचणीतून आली. १९२७ मध्ये अमेरिकेतील पोमोना महाविद्यालयाच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोन लेखकांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातील संदर्भ मोजले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिके विकत घ्यावीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याच्या आदल्या वर्षी आल्फ्रेड लोट्का यांनी दाखवून दिले होते की फार थोडे संशोधक पुष्कळ निबंध लिहितात आणि बहुसंख्य संशोधकांच्या नावावर एखाददुसराच निबंध असतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील एका परिषदेत ग्रंथालयाच्या कामकाजाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली आणि तिला 'लायब्रेमेट्री' हे नाव दिले. पुढे ग्रंथमिती व विज्ञानमिती या नावांनी वाढलेल्या अभ्यासशाखांच्या इतिहासात या सूचनेचा उल्लेख आवर्जून होतो.

उद्धरणांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे श्रेय यूजीन गारफिल्ड यांना जाते. अमेरिकेतील वकील एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांत घेतला गेला हे शोधण्यासाठी १८७३ पासून 'शेपर्ड्स सायटेशन्स' ही सूची वापरत होते. गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात विज्ञानासाठीही अशी सूची असावी असे सुचवले. फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. तिचा मूळ उद्देश शोध घेणे हा होता: हाती असलेल्या निबंधाचा पुढे कोणी उपयोग केला हे कळावे, चुकीच्या निबंधाचे खंडन झाले असेल तर तेही दिसावे. मात्र सूची हाताशी आली की मोजणी करता येते, आणि मोजणी झाली की तुलना करण्याचा मोह होतो. नियतकालिकांची तुलना करणारा प्रभाव गुणांक याच सूचीतून आला. काही दशकांनी व्यक्तींची तुलना करणारा एच-निर्देशांकही याच वाटेने आला.

व्याख्या आणि गणना

संशोधकाच्या निबंधांपैकी किमान 'एच' निबंधांना प्रत्येकी किमान 'एच' उद्धरणे मिळाली असतील आणि उरलेल्यांपैकी एकालाही 'एच'पेक्षा अधिक मिळालेली नसतील, तर त्याचा निर्देशांक 'एच' होय. व्याख्या वाचताना थोडी गुंतागुंतीची वाटते. उदाहरणाने ती लगेच स्पष्ट होते.

एका काल्पनिक संशोधकाचे दहा निबंध आहेत आणि त्यांना उतरत्या क्रमाने ४८, ३३, २१, १५, ९, ७, ६, ३, १ व ० उद्धरणे मिळाली आहेत. यादी वरून वाचत जावी आणि निबंधाचा क्रमांक व त्याची उद्धरणे यांची तुलना करावी. सहाव्या निबंधाला ७ उद्धरणे आहेत, म्हणजे क्रमांकापेक्षा जास्त. सातव्याला ६ आहेत, म्हणजे क्रमांकापेक्षा कमी. म्हणून एच-निर्देशांक ६. आलेखावर एकेका निबंधासाठी एकेक स्तंभ काढून ते उतरत्या क्रमाने शेजारी शेजारी उभे केले, तर त्या आकृतीच्या कोपऱ्यात बसू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू म्हणजे हा निर्देशांक.

या चौरसाबाहेर जे राहते ते मोजले जात नाही. पहिल्या निबंधाची उद्धरणे ४८ वरून ४,८०० झाली तरी निर्देशांक ६ वरच राहील. उलट सातव्या निबंधाला केवळ एक उद्धरण अधिक मिळाले तर तो ७ होईल. त्यानंतर ७ वरून ८ वर जायचे तर सहाव्या व सातव्या निबंधांना प्रत्येकी एक आणि आठव्याला पाच अशी किमान सात उद्धरणे नेमक्या जागी मिळावी लागतील. निर्देशांक जसजसा वाढतो तसतशी पुढची पायरी सामान्यतः अधिक उंच होत जाते. तसेच हा अंक कधी कमी होत नाही, असलेली उद्धरणे नोंदीतून वगळली गेली तरच तो उतरतो. संशोधकाने लिहिणे थांबवले, किंवा त्याचा मृत्यू झाला, तरी जुन्या निबंधांच्या बळावर तो वाढत राहू शकतो.

हर्श यांचा मूळ प्रस्ताव

हर्श यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात नोव्हेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद असा होता की केवळ निबंधांची संख्या घेतली तर दर्जा दिसत नाही आणि केवळ एकूण उद्धरणे घेतली तर एखाद्या गाजलेल्या निबंधामुळे, किंवा अनेक सहलेखकांसह लिहिलेल्या एखाद्या आढावालेखामुळे चित्र फुगते. सातत्य आणि प्रभाव या दोहोंचा मेळ घालणारा अंक त्यांना हवा होता.

आपल्या विषयातील नावे घेऊन त्यांनी काही ठोकताळेही दिले. त्या वेळी त्यांना आढळलेल्या भौतिकशास्त्रज्ञांत एडवर्ड विटन यांचा निर्देशांक सर्वाधिक, म्हणजे ११० होता. जीवविज्ञानात सॉलोमन स्नायडर यांचा १९१ होता. निर्देशांकाला कारकिर्दीच्या वर्षांनी भागले असता उत्तर १ च्या आसपास आल्यास यशस्वी, २ च्या आसपास आल्यास उल्लेखनीय आणि ३ आल्यास असाधारण संशोधक समजावा, असे त्यांनी सुचवले. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापकपदी कायम होण्यासाठी सुमारे १२ आणि प्राध्यापकपदासाठी सुमारे १८ हा निर्देशांक त्यांना योग्य वाटत होता. हे आकडे केवळ भौतिकशास्त्रासाठी आहेत आणि एका अंकाने माणसाचे पूर्ण चित्र मिळत नाही, हेही त्यांनी त्याच निबंधात नोंदवले होते. निवड समित्यांनी आकडे उचलले. अटी मागे राहिल्या.

एकूण उद्धरणांशी नाते

एकूण उद्धरणे ही निर्देशांकाच्या वर्गाच्या साधारण ३ ते ५ पट असतात, असे हर्श यांनी निरीक्षणावरून लिहिले होते. वरच्या उदाहरणात एकूण १४३ उद्धरणे आहेत. ६ चा वर्ग ३६. गुणोत्तर जवळजवळ ४ येते. गणितज्ञ अलेक्झांडर याँग यांनी २०१४ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. उद्धरणे निबंधांमध्ये जितक्या प्रकारे वाटली जाऊ शकतात ते सारे प्रकार समान संभवनीय धरले, तर निर्देशांक एकूण उद्धरणांच्या वर्गमुळाच्या सुमारे ०.५४ पट असावा. १४३ साठी हे उत्तर सुमारे साडेसहा येते. प्रत्यक्ष संशोधकांच्या बाबतीतही हे सूत्र पुष्कळदा जुळते. याचा अर्थ असा की सातत्याचे वेगळे मोजमाप म्हणून पुढे आलेला हा अंक बऱ्याच अंशी एकूण उद्धरणांचेच दुसरे रूप आहे.

विदागार आणि नावांचा प्रश्न

एकाच संशोधकाचा एकच एच-निर्देशांक असतो असे नाही. तो ज्या विदागारावरून काढला त्यावर अवलंबून असतो. 'वेब ऑफ सायन्स' आणि 'स्कोपस' ही सशुल्क विदागारे निवडक नियतकालिकेच नोंदवतात. 'गूगल स्कॉलर' मात्र प्रबंध, अहवाल, परिषदांतील निबंध व अप्रकाशित मसुदेही मोजते. त्यामुळे गूगल स्कॉलरवरील अंक बहुधा मोठा असतो, आणि अर्जात बहुधा तोच दिला जातो. विदागाराचे नाव व दिनांक दिल्याशिवाय हा अंक अपुरा समजावा.

नावांचा घोळ ही दुसरी अडचण आहे. आद्याक्षर आणि आडनाव एवढ्यावर नोंद झाली की 'एस. पाटील' किंवा 'ए. कुलकर्णी' या एकाच नावाखाली अनेक व्यक्तींचे निबंध जमा होतात. उलट वडिलांचे नाव कधी लिहिले, कधी गाळले किंवा विवाहानंतर आडनाव बदलले, की एकाच व्यक्तीचे काम दोन-तीन नावांत विभागले जाते. दहा निबंधांचे असे दोन भाग झाले तर दोन्हीकडचा निर्देशांक खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' हा सोळा अंकी स्थायी क्रमांक देण्यात येतो.

मर्यादा

विषयांमधील फरक ही सर्वांत ठळक मर्यादा होय. जैववैद्यकात संदर्भसूच्या लांब असतात, संशोधकांची संख्या मोठी असते आणि निबंध लवकर जुने होतात. गणितात सूच्या लहान असतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचे प्रमेयही ताजे असते. म्हणून गणितज्ञाचा १५ आणि कर्करोगतज्ज्ञाचा १५ यांची तुलना निरर्थक ठरते.

लेखकसंख्येचा विचारही या अंकात नाही. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाविषयी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांची नावे व संस्था यांनीच व्यापली होती. त्या निबंधाचे प्रत्येक उद्धरण या सर्वांच्या खात्यात पूर्ण जमा होते. एकट्याने लिहिणाऱ्यालाही तेवढेच मिळते.

खुद्द हिग्ज यांचे उदाहरण याच्या उलट आहे. पीटर हिग्ज यांनी १९६४ च्या आपल्या गाजलेल्या कामानंतर दहापेक्षाही कमी निबंध लिहिले. २०१३ मध्ये नोबेल पुरस्कार स्वीकारण्यापूर्वी एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती. पाच युगप्रवर्तक निबंध लिहून थांबलेल्या संशोधकाचा एच-निर्देशांक ५ च्या पुढे जाऊच शकत नाही.

मोठे काम उद्धरणांतून नाहीसे होण्याचाही एक मार्ग आहे. एखादी कल्पना इतकी सर्वमान्य होते की मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची कोणाला गरज वाटत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आलेला 'बोसॉन' हा शब्द भौतिकशास्त्रात सर्वत्र वापरला जातो, पण तो वापरणारा लेखक बोस यांच्या १९२४ च्या निबंधाचा संदर्भ सहसा देत नाही. याउलट जगातील सर्वाधिक उद्धृत निबंध एका कार्यपद्धतीचा आहे: द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण कसे मोजावे हे सांगणाऱ्या ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक उद्धरणे मिळाली आहेत. प्रयोगशाळेत पद्धत वापरली की तिचा संदर्भ द्यावाच लागतो. स्वतः लॉरी यांनाही तो आपला थोर निबंध वाटत नव्हता.

विदागारांच्या कक्षेबाहेर राहिलेले काम तर मुळीच मोजले जात नाही. देवळाली येथे शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला आणि १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत तो मांडला. त्यांचे बरेचसे लेखन किरकोळ नियतकालिकांत किंवा स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांत आले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले. आज 'कापरेकर स्थिरांक' ही संज्ञा प्रचलित आहे, परंतु कापरेकरांचा एच-निर्देशांक काढण्याचा प्रयत्न केल्यास हाती फारसे लागणार नाही. इतिहास, भाषा आणि साहित्य या विषयांत निबंधापेक्षा ग्रंथाला महत्त्व असते. त्यातही संशोधन मराठीतून असेल तर या विदागारांत त्याची दखल जवळजवळ घेतलीच जात नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातील एखाद्या टिपणाने शिवकाळातील एखादी तारीख कायमची निश्चित केली, तरी या मोजपट्टीवर तिचे मूल्य शून्य येऊ शकते.

कृत्रिम वाढ

जे मोजले जाते ते वाढवण्याचे उपायही निघतात. स्वतःच्या जुन्या निबंधांचे संदर्भ देणे हा सर्वांत सोपा उपाय. स्वतःचे संदर्भ देणे मुळात गैर नाही, कारण सलग चाललेल्या कामात ते अपरिहार्य असते. निर्देशांकाच्या उंबरठ्यावर असलेल्या सातव्या किंवा आठव्या निबंधाचाच संदर्भ नेमका वारंवार देणे ही मात्र वेगळी गोष्ट झाली. परस्परांना उद्धृत करणारे गट, आपल्या नियतकालिकाचे संदर्भ घालण्याचा आग्रह धरणारे संपादक, एकाच संशोधनाचे चार तुकडे करून चार निबंध करणे आणि पैसे घेऊन उद्धरणे पुरवणारे व्यावसायिक हे त्यापुढचे टप्पे होत.

हा प्रकार किती सोपा आहे हे दोन प्रयोगांनी दाखवले. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी २०१० मध्ये 'आइक अँटकेअर' नावाचा अस्तित्वात नसलेला संशोधक निर्माण केला. संगणकाने जुळवलेले सुमारे शंभर निरर्थक निबंध एकमेकांचे संदर्भ देऊन त्यांनी महाजालावर ठेवले. गूगल स्कॉलरने ते मोजले आणि अँटकेअरचा एच-निर्देशांक ९४ झाला. त्या वेळी याच गणनेत आइन्स्टाइनचा अंक त्यापेक्षा कमी होता. २०२४ मध्ये रीस रिचर्डसन आणि निक वाइज यांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावे १२ बनावट निबंध लिहिले आणि या निबंधांना उद्धृत करणारे आणखी निबंध तयार केले. काही दिवसांतच लॅरीच्या खात्यावर १३२ उद्धरणे आणि ११ हा एच-निर्देशांक दिसू लागला. हर्श यांच्या ठोकताळ्यानुसार सहयोगी प्राध्यापकपदाला त्याला एकच अंक कमी पडत होता.

सुधारित निर्देशांक

मूळ निर्देशांकातील उणिवा भरून काढण्यासाठी पुष्कळ पर्याय पुढे आले. लिओ एग यांनी २००६ मध्ये मांडलेला जी-निर्देशांक सर्वाधिक उद्धृत निबंधांना अधिक वजन देतो: वरच्या 'जी' निबंधांची मिळून उद्धरणे किमान 'जी'च्या वर्गाइतकी असावी लागतात. आय-१० निर्देशांक गूगल स्कॉलरने २०११ मध्ये आणला. किमान दहा उद्धरणे मिळालेल्या निबंधांची ती साधी मोजदाद आहे. वरच्या उदाहरणातील संशोधकासाठी तो ४ येतो. भारतीय शास्त्रज्ञ गंगन प्रताप यांनी पी-निर्देशांक सुचवला. त्यात एकूण उद्धरणांच्या वर्गाला निबंधसंख्येने भागून घनमूळ काढतात. आपल्या उदाहरणात हे उत्तर सुमारे १२.७ येते. जॉन इओआनिडिस व सहकाऱ्यांनी २०१९ पासून सहा मोजमापांचा संयुक्त गुण काढून संशोधकांची यादी प्रसिद्ध केली. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' म्हणून महाविद्यालयांच्या फलकांवर झळकणारी यादी ती हीच. यांपैकी कोणताही पर्याय एच-निर्देशांकाची जागा घेऊ शकलेला नाही.

भारतातील वापर

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत आणली. 'एपीआय' या नावाने ती ओळखली जाते. प्रकाशित निबंधाला ठरावीक गुण मिळू लागल्याने निबंधांची मागणी एकदम वाढली. जेथे अध्यापक दिवसभर तासिका घेतात, प्रयोगशाळा नावापुरती असते आणि संशोधनासाठी वेळ वा पैसा मिळत नाही, अशा महाविद्यालयांनाही हाच नियम लागू होता. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना त्यातून मोठी बाजारपेठ मिळाली.

याची मोजदाद पुण्यात झाली. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्यता यादीत आलेली १,००९ नियतकालिके तपासली आणि त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असा निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. पत्ता, संपादक, संकेतस्थळ अशी प्राथमिक माहितीही अनेकांची खोटी किंवा अपुरी होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' ही नवी यादी सुरू झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. दरम्यान २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रकाशित करण्याची सक्तीही काढली होती.

मूल्यमापन सुधारण्याचे प्रयत्न

सॅन फ्रान्सिस्को येथे डिसेंबर २०१२ मध्ये पेशीजीवशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात तयार झालेला 'डोरा' हा जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नियतकालिकाच्या प्रभाव गुणांकावरून त्यातील निबंधाचा किंवा संशोधकाचा दर्जा ठरवू नये, असे तो सांगतो. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वे मांडली. संख्यात्मक मोजमाप तज्ज्ञांच्या परीक्षणाला पूरक असावे, स्थानिक प्रश्नांवरील व स्थानिक भाषेतील संशोधनाचे रक्षण व्हावे आणि ज्याचे मूल्यमापन होते त्याला आपली माहिती तपासता यावी, ही त्यांपैकी काही. यांतील स्थानिक भाषेचे तत्त्व मराठीसारख्या भाषांतील संशोधनाला थेट लागू होते. निवड समित्यांच्या कामकाजात त्याचा प्रभाव अद्याप फारसा दिसत नाही.

कोल्टुन आणि हाफनर यांनी २०२१ मध्ये दाखवले की भौतिकशास्त्रात एच-निर्देशांक आणि वैज्ञानिक पुरस्कार यांचा परस्परसंबंध पूर्वीपेक्षा बराच क्षीण झाला आहे. प्रचंड लेखकसंख्येचे निबंध हे त्याचे एक कारण त्यांनी दिले.

हर्श यांचे स्वतःचे मतही बदलले आहे. अतिवाहकतेच्या प्रस्थापित सिद्धांतावर ते दीर्घकाळ टीका करत आले आहेत आणि त्या विषयावरील त्यांच्या लेखनाला सहकाऱ्यांकडून थंड प्रतिसाद मिळाला. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या एका वार्तापत्रात २०२० मध्ये त्यांनी लिहिले की हा निर्देशांक पूर्णतः फसू शकतो आणि त्याचे गंभीर, अनपेक्षित दुष्परिणाम होऊ शकतात. त्यांच्या मते प्रचलित मताविरुद्ध जाणाऱ्या निबंधाला उद्धरणे मिळत नाहीत, त्यामुळे तरुण संशोधक तसा विषय निवडण्याचे टाळतात.